बोट

आमच्या बेटावर रस्ता एकच, आणि तोही एकाच गाडीपुरता.
चौदा मैल. दोन्ही बाजूंना दलदल, काळं पाणी,
आणि डांबर उबदार लागतं म्हणून त्यावरच बसलेल्या मेंढ्या.
मधून मधून रस्ता जरा पोट फुगवतो,
तिथे पांढरी पाटी: वाट देण्याची जागा.
समोरून कुणी आलं की जो जवळ असेल तो आत शिरतो, थांबतो.
दुसरा जातो. जाताना
स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो.
हात नाही. हात हलवतात ते पाहुणे.
बोट. इंचभर.
तेवढ्यात सगळं येतं: आभार, हवा वाईट आहे,
आईचा गुडघा कसा आहे, रविवारी भेटू.

टपालाची लाल व्हॅन मी एकोणीस वर्षं चालवते.
दिवसाला साधारण साठ बोटं.
उन्हाळ्यात जास्त उचलते, कमी मिळतात.

माझा भाऊ टॉर्मोद, त्याला ते बोटच नव्हतं.
मासेमारीच्या होडीवर दोराच्या चक्रात गेलं, बाविसाव्या वर्षी.
मग तो शेजारचं उचलायचा.
मधलं.
बेटावर कुणाला काही वाटायचं नाही.
पण एकदा लीड्सचं एक कुटुंब
कॅम्परव्हॅन थांबवून उतरलं. बाप लालबुंद,
दोन मुली काचेला नाक लावून.
टॉर्मोदने पंजा पसरून दाखवला:
"मोजून घ्या साहेब. आहेत त्यातलंच दिलं."
जाताना त्यांनी त्याच्याकडून सहा अंडी विकत घेतली.

बोट पावणेतीनला सुटते.
ही दुसरी, मोठी, गाड्या पोटात घेणारी.
चुकली तर उद्या. वारा असला तर परवा.
दीड वाजल्यापासून रस्त्याचा स्वभाव बदलतो.
आरशात दिवे येतात, चिकटतात,
मागच्या मागे माझी पत्रं वाचतील इतके जवळ.
मी बाजूला होते. जा बाबा.
जातात. बोट गाठायची असली
की बोट उचलायला सवड नसते.

ऑक्टोबरातला मंगळवार, दोन वाजून वीस.
शाळेच्या अलीकडचं टेकाड, जिथून पलीकडचं
काही म्हणजे काही दिसत नाही.
टॉर्मोद वाट देण्याच्या जागेत उभा होता.
इंजिन बंद, खिडकी उघडी.
गाडी येतेय हे त्याला ऐकू आलं होतं,
म्हणून तर थांबला होता.

आम्ही सगळ्यांनी लगेच बोट दाखवलं.
भाड्याची गाडी असणार. पाहुणा असणार.
दुकानात, चर्चच्या पायरीवर, फोनवर.
रात्री पोलीस आला, टोपी काढली, नाव सांगितलं.
रुअरी. खालच्या वस्तीतल्या मोरागचा.
ग्लासगोला मुलाखतीला निघालेला.
याच रस्त्यावर त्याला गाडी शिकवली होती
टॉर्मोदनेच.
पहिल्या दिवशी क्लच नाही, ब्रेक नाही. आधी बोट.

बोट त्या दिवशी वेळेवर सुटली.

आता तीन वर्षांनी तो पुन्हा चालवतो,
आईची जुनी गाडी.
रस्ता रिकामा असला तरी प्रत्येक पाटीपाशी थांबतो,
लोक सांगतात. माझ्या वेळा चुकवून निघतो,
हे मला कुणी सांगावं लागत नाही.

आज नाही चुकल्या.
जागा त्याच्या बाजूला होती. तो आधीच आत,
दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले,
नजर मेंढ्यांवर.
मी हळू गेले. चालत गेले असते तर लवकर पोचले असते.
काय द्यावं कळेना.
काहीच न देणं हेही एक देणंच,
तीन वर्षं मी तेच देत होते, मोरागच्या दारात
तिची बिलं टाकताना.

मग हातानेच काय ते ठरवलं.
मधलं उचललं.

त्याने पाहिलं.
पापणी लवली नाही, पण पाहिलं.
माझ्या मागे, बोट गाठायला निघालेल्या दोन गाड्या
हॉर्न वाजवत होत्या.
वाजवू देत.